जहाजावरचा दवाखाना आणि ॲस्बेस्टॉसची धूळ

अंधाऱ्या खोलीत कौलांच्या फटीतून कवडसा आला, की त्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसतात. खरे म्हणजे ते तरंगत नसतात, पडत असतात. पण इतके सावकाश, की आपल्याला ते कळत नाही. कणांच्या या मंद पडण्यामुळेच, ॲस्बेस्टॉसला कधी हातही न लावलेल्या माणसांच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉस जाऊन बसला. ही माणसे म्हणजे युद्धनौकांवरील डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय सहायक. हे कसे घडले ते पाहू.

जहाजावर ॲस्बेस्टॉस कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक मोठ्या युद्धनौका वाफेच्या टर्बाइनवर चालत. अमेरिकी विनाशिकांच्या बॉयलरमधून निघणाऱ्या वाफेचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियस असे. इतकी तप्त वाफ नेणारे नळ उघडे ठेवले, तर उष्णता वाया जाईल आणि खलाशी भाजून निघतील. म्हणून नळांवर उष्णतारोधक वेष्टन चढवीत. ॲस्बेस्टॉस हे खनिज जळत नाही, त्याचे तंतू कापसासारखे पिंजता येतात, आणि तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही. वेष्टनासाठी याहून सोयीचा पदार्थ त्या काळी मिळणे कठीण होते.

जहाजात जागेची टंचाई असते. त्यामुळे हे नळ केवळ इंजिनघरात थांबत नसत; झोपण्याच्या खोल्या, भोजनगृह आणि दवाखाना यांच्या छताखालूनही ते जात. ‘रिपोज’ आणि ‘सँक्चुअरी’ ही अमेरिकेची रुग्णालय-जहाजेदेखील वाफेच्या टर्बाइनवरच चालत. महायुद्धाच्या काळात बांधलेली ही जहाजे पुढे व्हिएतनाम युद्धातही कामाला आली.

धूळ दवाखान्यात कशी पोचली?

वेष्टन अखंड असेपर्यंत तंतू फारसे सुटत नाहीत. पण युद्धनौका सतत थरथरत असते. तोफ डागली की सारे जहाज हादरते. नळ गळू लागला, की त्यावरचे जुने, ठिसूळ झालेले वेष्टन फोडावे लागते. अशा वेळी तंतू हवेत उडतात.

आता थोडे गणित करू. हवेतून पडणारा सूक्ष्म कण लवकरच एक ठरावीक वेग गाठतो. स्टोक्सच्या नियमानुसार हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दगडाच्या भुकटीचा ५० मायक्रॉन व्यासाचा कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) २ मीटर उंचीवरून दहा-बारा सेकंदांत जमिनीवर येतो. व्यास पन्नासपट कमी केला, म्हणजे १ मायक्रॉन केला, की वेग २,५०० पटींनी कमी होतो. त्या कणाला तेवढेच अंतर पडायला सुमारे सात तास लागतील, आणि तेही हवा अगदी स्तब्ध असेल तर! तंतूचा पडण्याचा वेग मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतो, लांबीवर फारसा नाही. म्हणून लांब पण अतिशय बारीक तंतूदेखील तासन् तास हवेत राहतो. तेवढ्या वेळात वायुवीजनाच्या नळ्या त्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सहज नेतात.

शिवाय वैद्यकीय सहायक एकाच जागी बसून राहत नसे. इंजिनघरात कोणी भाजला किंवा जखमी झाला, की त्याला तेथे धावावे लागे. जखमीचे धुळीने माखलेले कपडे कापून काढणे हेही त्याचेच काम. वेष्टन चढवणाऱ्या कामगाराच्या मानाने त्याच्या श्वासात जाणारे तंतू थोडे असत. धोका मात्राप्रमाणे वाढतो हे खरे; परंतु ‘एवढ्याने काहीच होणार नाही’ अशी सुरक्षित मर्यादा आजवर सापडलेली नाही.

रोग दिसायला इतका उशीर का?

फुप्फुसात शिरलेल्या परक्या कणांना गिळणाऱ्या भक्षक पेशी आपल्या शरीरात असतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असला, तर तो तिला गिळता येत नाही. तंतू विरघळतही नाही. त्याच्याभोवती वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. त्यातून फुप्फुस राठ होते, याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. किंवा फुप्फुसाचा अथवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होतो. आवरणाच्या कर्करोगाला मेसोथेलिओमा असे नाव आहे. हे कर्करोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात.

या विलंबाने तज्ज्ञांनाही चकवले. अमेरिकेत नौदलाची जहाजे बांधणाऱ्या गोद्यांतील, नळांवर वेष्टन चढवणाऱ्या १,०७४ कामगारांची तपासणी झाली. तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. ॲस्बेस्टॉसिसचे रुग्ण फक्त तीन सापडले, आणि हे काम बऱ्यापैकी सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला. परंतु बहुतेक कामगारांना या कामावर लागून दहा वर्षेही झाली नव्हती. आणि जे तिघे आजारी निघाले, ते सर्व वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेले होते! आंब्याची कोय लावून दुसऱ्याच वर्षी ‘या झाडाला फळ येत नाही’ असे म्हणण्यासारखेच हे झाले. मोजमाप चुकले नव्हते. ते केव्हा केले हे विचारात घेतले गेले नाही.

१९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील अनेकांनी खाणीत काम केलेले नव्हते. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिले होते. ‘काम’ आणि ‘हवा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. १ जानेवारी २०११ पासून जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवण्यास आंतरराष्ट्रीय नियमाने बंदी आहे.

आपल्याकडे अनेक घरांवर आणि गोठ्यांवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांतील तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात, म्हणून धड असलेल्या पत्र्याला भिण्याचे कारण नाही. मात्र तो करवतीने कापू नये, घासू नये, फोडून त्याचे तुकडे खेळायला घेऊ नयेत. फुटलेल्या पत्र्याचा चुरा कोरड्या केरसुणीने कधीही झाडू नये. आधी पाणी शिंपडून तो पूर्ण भिजवावा. ओला तंतू उडत नाही.

इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली डॉक्टरांना सांगितले, की रोग्याला ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे. जहाजावरच्या दवाखान्याने या प्रश्नाला आणखी एक जोड दिली: ‘तुझ्या शेजारी कोणते काम चालू होते?’