रात्रभर साखर सांभाळणारा इन्सुलिन पंप: टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांसाठी माहिती

मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचे कळले, की घरातली रात्र बदलते. दोन-अडीच वाजता गजर लावून उठायचे, झोपलेल्या मुलाचे बोट हातात घ्यायचे, टोचून साखर तपासायची. आकडा बरा आला तरी पुन्हा डोळा लागत नाही, आणि कमी आला तर अर्धवट झोपेतल्या मुलाला साखरपाणी पाजत बसावे लागते. अनेक आई-वडील वर्षानुवर्षे असे झोपत आले आहेत.

म्हणूनच दवाखान्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "डॉक्टर, साखर बघून आपोआप इन्सुलिन देणारा पंप आला आहे म्हणे. तो लावला तर आम्हाला शांत झोपता येईल का?"

थोडक्यात उत्तर असे, की बहुतेक रात्री झोपता येईल. पण पंप लावला आणि विसरून गेलो, असे मात्र करता येत नाही. का, ते समजून घेऊ.

रात्रीच साखर का बिघडते?

टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते. निरोगी स्वादुपिंड क्षणाक्षणाला गरजेपुरते इन्सुलिन सोडते. संध्याकाळी दिलेले इंजेक्शन मात्र परत घेता येत नाही. रात्री गरज कमी झाली तरी ते काम करतच राहते.

मुलांमध्ये ही गरज रोज सारखी नसते. दुपारी मैदानात दोन तास कबड्डी खेळली, तर स्नायू त्या रात्री उशिरापर्यंत रक्तातील साखर ओढून घेत राहतात. त्यामुळे खेळ संपल्यानंतर कित्येक तासांनी, मध्यरात्री साखर उतरू शकते. उलट पहाटे शरीरात ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसोल वाढतात व साखर चढू लागते. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे जास्त दिसते. म्हणजे एकाच रात्री मध्यरात्री कमी आणि पहाटे जास्त, असे दोन्ही घडू शकते.

आणखी एक अडचण आहे. जागेपणी साखर ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की बहुतेक मुलांना थरथर, घाम, भूक जाणवते. गाढ झोपेत शरीराची ही धोक्याची सूचना क्षीण होते आणि मूल उठतच नाही. साखर फारच उतरली तर झटका येऊ शकतो किंवा शुद्ध हरपू शकते. पालकांची भीती खरी आहे, ती उगीच केलेली काळजी नाही.

यंत्रणेचे तीन भाग

पहिला भाग सेन्सर. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला हा छोटा सेन्सर त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो. रक्तातील साखरेपेक्षा हा आकडा काही मिनिटे मागे असतो.

दुसरा भाग इन्सुलिन पंप. तो लवकर काम करणारे इन्सुलिन त्वचेखाली बसवलेल्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने देतो.

तिसरा भाग म्हणजे या दोघांना जोडणारा संगणकीय कार्यक्रम. तो पंपातच किंवा मोबाइलमध्ये असतो. आत्ताची साखर, ती कोणत्या दिशेने चालली आहे आणि शरीरात आधीचे किती इन्सुलिन शिल्लक आहे, हे पाहून तो दर काही मिनिटांनी इन्सुलिन कमी-जास्त करतो.

एक उदाहरण घेऊ. तुमची नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळी भरपूर खेळून आली, साडेआठला जेवली आणि दहाला झोपली. अकरा वाजता सेन्सर १४० दाखवतो, पण साखर भराभर उतरते आहे. ती अजून कमी झालेली नाही, तरी पुढच्या अर्ध्या तासात होईल असा अंदाज करून पंप इन्सुलिन कमी करतो आणि मग थांबवतो. बाराच्या सुमारास साखर ८५ वर स्थिरावते. ती वर यायला लागल्यावर पंप थोडे थोडे इन्सुलिन पुन्हा सुरू करतो. पहाटे चारनंतर साखर चढू लागते, तेव्हा तो प्रमाण वाढवतो. सकाळी मुलगी १२० च्या आसपास उठते. रात्रभरात पंपाने अनेक छोटे निर्णय घेतले आणि तुम्हाला उठावे लागले नाही.

रात्रीच सर्वात चांगले काम का होते?

लवकर काम करणारे इन्सुलिनही टोचल्यावर १०-१५ मिनिटांनी कामाला लागते आणि त्याचा परिणाम तीन ते पाच तास राहतो. जेवणानंतर साखर त्यापेक्षा वेगाने चढते, म्हणून दिवसा यंत्रणा नेहमी थोडी मागे पडते. रात्री जेवण नाही, पळापळ नाही. साखर हळूहळू बदलते आणि यंत्रणेला तिच्या मागे जायला वेळ मिळतो.

म्हणूनच या तंत्रज्ञानाची सुरुवातही रात्रीपासून झाली. केंब्रिज विद्यापीठातील रोमन होवोर्का यांच्या गटाने २०१० मध्ये मुलांवरील रात्रीच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा पहिल्या पंपाला मंजुरी दिली, तेव्हा ती १४ वर्षांवरील रुग्णांसाठी होती. पुढे वयाची अट खाली येत गेली. ६ ते १३ वर्षे वयाच्या १०१ मुलांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहण्याचा वेळ स्वयंचलित पंपावर ६७ टक्के होता. नेहमीचा पंप आणि सोबत सेन्सर वापरणाऱ्या मुलांमध्ये तो ५५ टक्के होता. म्हणजे दिवसाला सुमारे अडीच तासांचा फरक पडला, आणि त्यातला मोठा वाटा रात्रीचा होता. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी सरकारी आरोग्यसेवेत या यंत्रणेची शिफारस आहे. भारतातही असे पंप मिळतात.

तुमच्याकडे उरणारी कामे

या यंत्रणेला 'हायब्रिड' म्हणतात, कारण अर्धे काम अजून माणसाकडे आहे.

* जेवण सांगावे लागते. दोन पोळ्या, वरण-भात की वाटीभर पोहे, त्यातील कर्बोदके मोजून जेवणाआधी पंपाला कळवावी लागतात. रात्री उशिरा तळकट किंवा लग्नातले जेवण झाले, तर साखर काही तासांनी चढते. अशा रात्री लक्ष जास्त ठेवा.
* नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. शक्यतो सकाळी किंवा दुपारी बदला. झोपण्यापूर्वी बदलली आणि नीट बसली नाही, तर ते मध्यरात्री कळते.
* खेळाची सूचना द्यावी लागते. बहुतेक पंपांत व्यायामासाठी वेगळे लक्ष्य ठेवता येते. ते खेळाच्या आधीच सुरू करायचे असते.
* पंपाला न सांगता पेनने जादा इन्सुलिन देऊ नका. पंपाला त्याची नोंद नसते, तो आपले इन्सुलिन देत राहतो आणि साखर धोकादायक उतरू शकते. आणीबाणीत पेनने द्यावेच लागले, तर पंप त्यानंतर कसा वापरायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

कोणत्या वेळी उठायलाच हवे?

*साखर कमी असल्याचा गजर वाजला.* शक्य असेल तर बोटातून तपासा. मूल सेन्सर असलेल्या कुशीवर झोपले असेल, तर दाबामुळे सेन्सर खोटा कमी आकडा दाखवू शकतो. साखर खरोखर ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज किंवा साखर द्या, पण प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलेच ठेवा. पंपाने इन्सुलिन आधीच थांबवलेले असल्याने इंजेक्शनवर असताना लागत होती त्यापेक्षा कमी साखर पुरते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

*साखर २५० च्या वर आहे आणि उतरत नाही.* हा मुद्दा घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पंपात दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन नसते. नळी दुमडली, निघाली किंवा तुंबली, तर काही तासांत शरीरात इन्सुलिन उरत नाही आणि किटोन वाढू लागतात. अशा वेळी किटोन तपासा. ते वाढलेले असतील तर पंपावर विसंबू नका. डॉक्टरांनी ठरवून दिलेले इन्सुलिन पेनने द्या आणि नळी बदला. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

*मुलाला ताप आहे.* काही सेन्सर पॅरासिटामॉलमुळे साखर खोटी जास्त दाखवतात. पंप त्यावर विश्वास ठेवून जास्त इन्सुलिन देऊ शकतो. तुमच्या सेन्सरबाबत हे लागू आहे का, ते आजच विचारून ठेवा.

*सेन्सरचा संपर्क तुटला.* आपोआप बदल करणे थांबते आणि पंप ठरावीक वेगाने इन्सुलिन देऊ लागतो. त्या रात्री जुन्या पद्धतीने बोटातून तपासणी करा.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल, तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, घरी ग्लुकागॉन असेल तर सांगितलेल्या मात्रेत द्या आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

खर्च परवडत नसेल तर?

पंपाची किंमत लाखांत जाते. त्यावर सेन्सर आणि नळ्यांचा खर्च दर महिन्याला येतो. घेण्याआधी दरमहाचा आकडा लिहून मागा. पंप घेतला आणि सेन्सर परवडेनात म्हणून बंद केले, तर आपोआप चालण्याचा फायदाच उरत नाही.

हा पंप नसेल तर तुम्ही मुलासाठी कमी करत आहात, असे अजिबात नाही. इंजेक्शनवरही रात्री बऱ्याच सुरक्षित करता येतात. झोपण्यापूर्वी साखर तपासणे, जास्त खेळ झालेल्या दिवशी रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणे, अशा रात्री आणि आजारपणात दोन-तीनच्या सुमारास एकदा तपासणे, उशाशी ग्लुकोज ठेवणे, या साध्या गोष्टी खूप काम करतात. शक्य असेल तर गजर देणारा सेन्सर तेवढा वापरता येतो, निदान मात्रा बसवण्याच्या काळात.

निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा

आमच्या मुलाच्या वयाला आणि वजनाला कोणता पंप मंजूर आहे? बिघाड झाला तर रात्री फोन कोण उचलेल? बदली पंप किती दिवसांत मिळेल? शिकवायला कोण येईल, आणि आजी-आजोबा व शाळेतील शिक्षकांनाही शिकवतील का?

मुलालाही विचारा. अंगावर चोवीस तास पंप त्याला वागवायचा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शाळेत कोणी चिडवेल याची धास्ती असू शकते. ते आधी बोलून घ्या.

पहिले काही आठवडे तुम्ही गजर नसतानाही जागे व्हाल आणि मोबाइलवर आकडा बघाल. जवळजवळ सगळेच पालक तसे करतात. सकाळी उठून रात्रीचा आलेख पाहत जा. विश्वास बसायला वेळ लागतो. तो बसेपर्यंत आई-वडिलांनी रात्री वाटून घ्याव्यात, म्हणजे दोघांपैकी एकाची तरी झोप पूर्ण होईल.