अंधारांतील पहिले चौदा दिवस

गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत, कचारगड येथें डोंगराच्या पोटांत एक विस्तीर्ण गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. या गुहेंत कोंडलेल्या 33 बालकांस पारी कुपार लिंगोंनीं मुक्त केलें, अशी त्या समाजाची परंपरागत कथा आहे. मातेच्या उदराची गुहा मात्र शास्त्रज्ञांसही फार काळ बंदच होती. ती कशी उघडली, हें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून पहिलें मूल इंग्लंडांत 25 जुलै 1978 रोजीं जन्मलें. त्याच वर्षीं 3 ऑक्टोबर रोजीं कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीं हेंच साधलें. पण हयातींत त्यांस मान्यता लाभली नाहीं. पुढें मुंबईस के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा व परळच्याच प्रजननसंशोधन-संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं 6 ऑगस्ट 1986 रोजीं अशी एक कन्या जन्मास आली. मुखोपाध्यायांच्या टिपणांचा अभ्यास करून अग्रमान त्यांचाच, असें पुढें आनंदकुमारांनींच जाहीर केलें!

सूक्ष्मदर्शकाखालीं काय दिसतें? मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें बीज फलित झाल्यावर दिवसा-दीड दिवसांत दुभंगतें. तिसऱ्या दिवशीं त्याच्या सुमारें आठ पेशी होतात. पांचव्या-सहाव्या दिवशीं शंभराच्या आसपास पेशींची पोकळ कुपी बनते. आंतील पुंजक्याचा पुढें गर्भ होतो, बाहेरील वेष्टनापासून वार तयार होते. परंतु पुष्कळ बीजें वाटेंतच थांबतात. याचें एक मोठें कारण म्हणजे रंगसूत्रांची चुकलेली संख्या. ही चूक बहुधा बीज पक्व होतांना किंवा पहिल्या विभाजनांत घडते.

आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानीं घ्यावें. सुनेचे दिवस राहिले नाहींत अथवा लवकरच गेले, कीं तिनें घागर उचलली, ग्रहणांत भाजी चिरली, असें आपण म्हणूं लागतों. जी चूक पेशींच्या विभागणींत घडली, तिचा जाब त्या बिचारीस कां विचारावा?

या संशोधनास मर्यादाही आहे. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाचें डोकें कोणीकडे, पाय कोणीकडे, हें दर्शविणारी आद्यरेषा उमटते. तिच्यापुढें मानवी भ्रूण प्रयोगशाळेंत वाढवूं नये, असें भारतांतील 2017 च्या मार्गदर्शक नियमांत सांगितलें आहे. ज्ञानानें दार उघडावें. पण उंबरठ्याचा मान राखावा. आणि घरांत त्या ज्ञानाचा पहिला उपयोग एका निर्दोष स्त्रीवरील बोल थांबविण्याकडे व्हावा, एवढीच आमची विनंति आहे.