जाहिरात लागली की रेडिओ बंद!

सत्तरच्या दशकातल्या टीव्ही जाहिराती आठवून तुम्हीही हळवे होता? मग एक साधा प्रश्न... तेव्हा तुमच्या गावात टीव्ही होता का?

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्यातलं आमचं ऑफिस. काम संपल्यात जमा आणि घरी जायची कुणालाच घाई नाही. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ लावतं – सत्तरच्या दशकातल्या टीव्ही जाहिराती. मग काय! लिरिलचा धबधबा, निर्माच्या झग्यातली गिरकी घेणारी मुलगी, पोत्यानं ग्राहकाला प्रश्न टाकणाऱ्या ललिताजी... सगळे एका सुरात गुणगुणायला लागतात. त्यात १९९५ साली जन्मलेलेही असतात! 'काय दिवस होते यार' असा एक सामुदायिक सुस्काराही निघतो. मीसुद्धा मान डोलावली. आणि त्याच भरात तो व्हिडिओ धाराशिवला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाठवून दिला. पोटात होतं ते एवढंच, की त्यांनाही जरा बरं वाटेल.

दहा मिनिटांत फोन.

"आरं, हे काय पाठवू लागलास? तवा टीव्ही कुठं होता आपल्याकडं?"

खरंच की! आपण ज्याला 'आपलं' लहानपण, 'आपल्या' आईवडिलांचा काळ म्हणतो, त्यातलं आपलं नेमकं किती आणि उसनं किती?

टीव्ही होता, पण सीमेपलीकडे

हिशेब मांडून बघू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुणेकरांना चित्रं दिसू लागली. आणि जाहिराती? त्या दूरदर्शनवर आल्या १ जानेवारी १९७६ पासून. म्हणजे सत्तरच्या दशकातली टीव्ही जाहिरात ही महाराष्ट्रापुरती मुंबई-पुण्याची गोष्ट. तीही ब्लॅक अँड व्हाइट आणि तीही ज्याच्या घरी सेट असेल त्याच्या दारात गर्दी करून बघायची.

आमचं गाव उमरग्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या सीमेला खेटून. इथली गंमत तर अजून वेगळी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' नावाचा उपग्रह टीव्हीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ उपग्रह आणि सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होता, आणि त्यात आमच्या शेजारचा गुलबर्गा जिल्हाही होता! म्हणजे सीमेच्या पलीकडे जाळीची मोठी छत्री लावून खेड्यातली माणसं टीव्ही बघत होती. शेती, आरोग्य, शाळेचे धडे. जाहिरात मात्र एकही नाही. आणि वर्ष संपलं तसा प्रयोगही संपला.

आपल्याकडे टीव्हीचा खरा पसारा वाढला तो १९८२ च्या एशियाडनंतर, रंगीत प्रक्षेपण आल्यावर आणि १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिल्यावर. त्यामुळे ज्या जाहिरातींना आपण डोळे मिटून 'सत्तरच्या' म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा मुळात ऐंशीच्या आहेत.

मग ब्रँड पोचले कसे?

टीव्ही नव्हता, पण ब्रँड होते बरं का! अण्णांना एकदा बोलतं केल्यावर नावांची रांगच लागली. लाल लाइफबॉय, ५०१ चा बार, माकड छाप काळं दंतमंजन, पार्ले ग्लुको (त्याचा 'पार्ले-जी' व्हायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं), अफगाण स्नो, कॅमलची शाई, ब्रुक बाँडची पुडी, एव्हरेडीचे सेल.

या नावांत एक शब्द सारखा येतो, 'छाप'. माकड छाप, गाय छाप, घोडा छाप. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर माणसं होती शंभरात सुमारे ३९. मराठवाड्यातल्या खेड्यांत तर त्याहूनही कमी. मग दुकानात जाऊन नाव कोण वाचणार? चित्र ओळखायचं. पोराच्या हातात दहा पैसे ठेवून आजी सांगायची, "माकडाची पुडी आण, दुसरी दिली तर घेऊ नगस." आजच्या मार्केटिंगवाल्यांनी ज्याला 'लोगो रिकॉल' असं भारदस्त नाव दिलंय, ते हेच!

जाहिरातीची जागा होती दुकानाचा पत्रा. एनॅमलच्या पाट्या, बाजाराच्या गावी रंगवलेल्या भिंती, एसटी स्टँडवरचे फलक, दिवाळीला दुकानदार फुकट द्यायचा ते कॅलेंडर. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रातली जत्रा किंवा तुळजापूरची नवरात्र म्हणजे तर चालतं-बोलतं प्रदर्शन. आणि जत्रेत तंबूतला सिनेमा. रीळ बदलताना पडद्यावर काचेच्या स्लाइड्स.

आणि सगळ्यात मोठी जाहिरात कुणाची माहितीये? ना साबणाची, ना चहाची. लाल त्रिकोणाची! कुटुंब नियोजनाचा तो उलटा त्रिकोण शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यावर, पंचायतीवर, सगळीकडे. १९६८ मध्ये सरकारनं 'निरोध' बाजारात आणला, तेव्हा तो खेड्यापर्यंत पोचवायचं काम दिलं ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, आयटीसी आणि युनियन कार्बाइड या कंपन्यांच्या वितरण जाळ्याला. म्हणजे चहा, साबण, विडी-सिगारेट आणि बॅटरीचे सेल ज्या वाटेनं गावात यायचे, त्याच वाटेनं हेही आलं. सरकारलाही कळलं होतं, की जिथं डांबरी सडक पोचत नाही तिथं चहाची पुडी पोचते.

धबधबा आणि दुष्काळ

आता त्या सुप्रसिद्ध लिरिलकडे वळू. १९७५ ची फिल्म. अलेक पदमसींची लिंटास एजन्सी, मॉडेल कॅरन ल्युनेल, कोडाईकॅनालचा धबधबा आणि लिंबाचा ताजेपणा. आधी ही फिल्म गाजली ती थिएटरमध्ये, टीव्हीवर नंतर. त्यामुळे ती बघायला मिळण्याची शक्यता आमच्या भागात होती ती एकाच ठिकाणी – सोलापूरला. लग्नाचा बस्ता, चादरी, दवाखाना आणि सिनेमा, सगळ्याला सोलापूरच.

माझ्या मोठ्या आत्यानं ती तिथल्या एका थेटरात बघितली होती. लग्न ठरलं होतं, बस्त्याला गेले होते सगळे. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "मग? कशी वाटली? साबण आवडला का?"

आत्या म्हणाली, "साबण कुणी बघितला रं? मी पाणी बघितलं."

आणि मग गप्प झाली.

मला उशिरा कळलं. १९७५ च्या तीनच वर्षं आधी १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता. आत्या तेव्हा पंधरा वर्षांची. रोज घरच्यांबरोबर खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी. विहिरीचा तळ गाठून वाटी-वाटीनं भरलेली घागर तिनं दोन मैल डोक्यावरून आणलेली. त्या मुलीसमोर पडद्यावर कुणीतरी एवढं पाणी नुसतं अंगावरून वाहू देतंय! जाहिरातीचं एक ठरलेलं गणित असतं: जे तुमच्याकडे नाही ते दाखवायचं. पण साबण विकणाऱ्यांनी दाखवलं पाणी, याचा त्यांना पत्ताच नसावा.

पाण्याची ती गोष्ट आजही संपलेली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सत्तरच्या दशकात लातूरही उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. आज धाराशिवच्या प्रत्येक टपरीवर पाण्याच्या बाटल्या मिळतात. आत्या अजूनही बाटली विकत घेत नाही. "पाण्याला छाप कशाला?" म्हणते.

डबा रिकामा झाल्यावर

शहरातल्या नॉस्टॅल्जियात ब्रँडचं आयुष्य माल संपला की संपतं. आमच्याकडे तिथून सुरू व्हायचं! डालड्याचा पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. तूप परवडेना म्हणून सणाला डालडा, आणि तोही डब्यानं घेणारी घरं मोजकी. बाकीचे सुटा घ्यायचे. पण रिकामा डबा मात्र घरोघरी. कुणाच्या डब्यात तुळस, कुणाच्यात बियाणं, कुणी धान्य मापायला वापरायचं, आणि पहाटे शेताकडे जाताना हातात कुठला डबा असायचा ते सांगायला नको. चहाच्या डब्यात हळद, बिस्किटाच्या डब्यात कागदपत्रं. आमच्या सातबाऱ्याचे जुने उतारे कित्येक वर्षं एका बिस्किटाच्या डब्यातच होते.

आणि जे खरंखुरं इथलं होतं त्याला छापच नव्हती. कुंथलगिरीचा पेढा, भूमचा खवा. नाव गावाचं, भरवसा माणसाचा. या मातीला व्यापार काही नवा नाही. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड पार रोमन जगात जायचं, आणि तशी नोंद दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. आज देशभर चालणारा आमचा सगळ्यात मोठा ब्रँड कुठला म्हणाल, तर उस्मानाबादी शेळी! २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण बाजारात शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

सत्तरचं की ऐंशीचं? पटकन उजळणी

• थम्स अप – १९७७. त्याच वर्षी कोका-कोला देशाबाहेर गेली होती.
• निर्मा – अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये सुरू केली. टीव्हीवरची गिरकी मात्र ऐंशीच्या दशकातली.
• सर्फच्या ललिताजी – ऐंशीचं दशक. भूमिका कविता चौधरी यांची. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.
• बजाज चेतक – स्कूटर १९७२ ची, ते गाजलेलं देशभक्तीपर गाणं १९८९ चं.
• विको टर्मरिक – १९७५. कंपनी पेंढारकरांची, १९५२ पासून. अस्सल मराठी!
• कालनिर्णय – १९७३, जयंतराव साळगावकर.

पूर्ण ऐकलेली पहिली जाहिरात

शेवटी अण्णांना मी हट्टानं विचारलं, "बरं, टीव्ही नव्हता. पण रेडिओ तर होता ना?"

होता. आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे, तेव्हा तो कायदेशीर! विविध भारतीवर मुंबई-पुणे-नागपूरहून १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झालेल्या. रात्री हवा स्वच्छ असली की पुणं लागायचं. आणि बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला. तो तर अजबच प्रकार, कारण कार्यक्रमाचं नावच टूथपेस्टचं! गावात किती घरांत पेस्ट होती विचारू नका. दात माकड छापनं नाहीतर राखुंडीनं घासायचे आणि बिनाकाची गाणी ऐकायची.

पण आबांचा एक नियम होता. गाणं संपून जाहिरात लागली, की खटकन रेडिओ बंद. मनातल्या मनात अंदाज बांधायचा आणि पुन्हा चालू. सेल वाचवायचे म्हणून! सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, तापले की दोन दिवस अजून चालायचे. रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना बॅटरीलाही तेच सेल लागायचे. दुष्काळाच्या सालात तर रेडिओ फक्त बातम्यांपुरता. सेल विकत घ्यायचे की मिठामिरचीला पैसे ठेवायचे, हा प्रश्न असायचा.

"म्हणून तर," अण्णा म्हणाले, "मला सगळ्या जाहिरातींच्या फक्त पहिल्या दोन शब्दांची चाल येती. पुढचं कधी ऐकलंच न्हाई. आबांचा हात लई चपळ."

मी हसलो. तेही हसले. मग जरा थांबून म्हणाले, "त्यो व्हिडिओ मी तीनदा लावला. पहिल्यांदाच पूर्ण ऐकला बग. पर ऐकताना सारखं वाटत हुतं, आता खटका पडंल, आता पडंल..."

आबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी असला व्हिडिओ आला, की नुसता फॉरवर्ड करू नका. आईला लावा, काकांना लावा, मावशीला लावा आणि त्यांच्या गावात तेव्हा काय होतं ते विचारा. विचारायला उशीर करू नका. मी आता दर रविवारी अण्णांना एक जुनी जाहिरात पाठवतो. संपेपर्यंत ऐकतात ते. मग फोन करतात, आणि आबांचं काहीतरी सांगतात.