पारोळ्यावर किती वाजता?

शिरपूरजवळ तांडे गावाच्या धावपट्टीवर वैमानिक होऊ पाहणारी मुलं सकाळी लवकर कामाला लागतात. ऊन चढलं की खानदेशातली जमीन तापते, हवा उसळते आणि चार जणांचं छोटं विमान हिंदकळायला लागतं. त्याआधी आकडेमोड उरकायची.

टेबलावर नकाशा. त्यावर शिरपूर ते छत्रपती संभाजीनगर अशी पेन्सिलीची रेघ. वाटेत तापी, पारोळा, मग अजिंठ्याची डोंगररांग. टेबलाशी बसलेली एक मुलगी अंतर मोजायला पट्टी घेत नाही. कर्कटकाची टोकं रेघेवर टेकवते आणि तसंच उचलून नकाशावरच्या उभ्या रेखावृत्तावर ठेवते. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. रेघ भरते सुमारे ९० मैल. विमानाचा वेग १०० नॉट, म्हणजे ताशी तेवढेच मैल. उत्तर ५४ मिनिटं.

‘‘आणि वारा?’’ प्रशिक्षक विचारतात.

‘‘समोरून २० धरलाय, सर.’’

मग जमिनीवरचा वेग उरतो ८०. जायला लागतात ६८ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, वेग १२०, वेळ ४५ मिनिटं. दोन्ही मिळून ११३. वारा नसता तर १०८ मध्ये काम झालं असतं. जाताना खाल्लेलं वारा येताना पुरतं फेडत नाही, कारण तो समोर असतो तेव्हा आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. ही पाच मिनिटं इंधनात धरावी लागतात. शिवाय राखीव वेगळं.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात स्वतःच्या जबाबदारीवर केलेला किमान ३०० नॉटिकल मैलांचा एक प्रवास हवा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ही रेघ त्याचीच तयारी.

‘अमेरिकाले जावाले कितला टाइम लागस?’ असं कुणी अहिराणीत विचारलं, तर त्या प्रश्नाचं गणितही हेच. मुंबई ते न्यूयॉर्क सर्वांत जवळची वाट सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशावर ती सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तो उत्तरेला चढून आइसलँडवरून जातो. जाताना साधारण १६ तास लागतात, येताना तास-दीड तास कमी. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून. त्यात आकाशही सगळीकडे मोकळं नसतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. दिल्ली आणि लंडनमधलं अंतर तसूभर बदललं नाही. वळसा घालावा लागल्याने वेळ मात्र वाढला.

मोठ्या विमानात हे हिशेब संगणक करतो. इथे ते मांडीवरच्या कागदावर होतात. पारोळा २७ मैलांवर. वारा नसता तर सोळाव्या मिनिटाला आला असता, त्या मुलीच्या हिशेबाने विसाव्या मिनिटाला यायला हवा. अंदाजाचा वारा खरा निघेलच असं नाही. म्हणून खाली गाव आणि किल्ला ओळखू आला की ती घड्याळ बघणार, प्रत्यक्ष लागलेली मिनिटं लिहिणार, खरा वेग काढणार आणि संभाजीनगरला पोचायची वेळ नव्याने मांडून रेडिओवर कळवणार. घरून लिहून आणलेली वेळ तेव्हा खोडायची असते.