लोखंडी पृष्ठभागाचा काळा थर आणि घरगुती डागडुजी : नागपूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात महापाषाणकालीन लोखंडनिर्मितीची भट्टी उजेडात आली. लोखंडाशी इतका जुना परिचय असलेल्या या प्रदेशात आजही बिडाचा तवा आणि लोखंडी पत्र्याचा कूलर अनेक घरांत आढळतो. दोहोंचा शत्रू गंज हाच होय. उपाय मात्र भिन्न आहेत. हा भेद न जाणता केलेली डागडुजी निष्फळ व प्रसंगी अपायकारक ठरते.

तांबडा व काळा थर :
पाणी व हवा यांच्या संयोगाने बनणारा तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, पोपडे धरून निघतो आणि आतील धातू पुन्हा उघडा पडतो. याउलट मॅग्नेटाइट हे काळे ऑक्साइड धातूस चिकटून राहते. तेही पूर्णतः अभेद्य नसल्याने त्यावर तेलाचा हात द्यावा लागतो. कारखान्यांत हा थर कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात चढवितात. घरी हा प्रयोग करणे धोक्याचे होय.

तवा :
न तापविता धातू काळा करणाऱ्या अनेक तयार द्रावणांत सेलेनियमची विषारी संयुगे असतात. अन्नाच्या भांड्यास ती सर्वथा वर्ज्य होत. विदर्भात परिचित असलेले खाद्य जवस तेल येथे पुरेसे आहे. तवा घासून, कोरडा करून, तेलाचा अत्यंत पातळ हात द्यावा व धूर येईपर्यंत तापवावा. तेलाचे रेणू परस्परांशी जोडले जाऊन कठीण काळे आवरण बनते. ही क्रिया तीन-चार वेळा करावी. जाड थर चिकट राहतो, तर आंबट पदार्थांनी आवरण झिजते.

कूलर :
कूलरची टाकी उन्हाळाभर ओली राहते. सांध्यांवर व ओरखड्यांवर जस्ताचा मुलामा गेला की तेथे गंज धरतो. त्यावर थेट काळा रंग दिल्यास गंज केवळ झाकला जातो व आत वाढत राहतो. म्हणून प्रथम वीजजोडणी काढून सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा. उरलेल्या डागांवर टॅनिनयुक्त द्रावण लावल्यास काळसर लोह-टॅनेट बनते. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच अभिक्रियेने काळी होत असे. पृष्ठभाग वाळल्यावर रेड ऑक्साइडचे अस्तर व शेवटी रंग द्यावा.

जुना रंग खरवडताना विशेष सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे २०१६ चे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. असा रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा, निघालेला चिखल कापडाने टिपून घ्यावा आणि मुलांना दूर ठेवावे.

समारोप :
काळा रंग आणि काळा संरक्षक थर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला गंज लपवितो. दुसरा त्यास अटकाव करतो. पृष्ठभागाची सिद्धता व वस्तूचा उपयोग लक्षात घेऊन योजलेला साधा उपायच टिकाऊ ठरतो.