हत्ती पकडून नेला, पुढे?

फेब्रुवारी 2015मध्ये सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात तीन रानटी हत्ती पकडले गेले. त्यासाठी कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणले होते. पकडलेल्यांना त्याच खोऱ्यातल्या आंबेरीत माणसाळवायचे ठरले. त्यांतले दोन दगावले. माणगावकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण दोडामार्ग तालुक्यातल्या रात्री पूर्वीसारख्याच जागरणाच्या राहिल्या.

2002च्या सुमारास कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींनी दोडामार्गातले तिलारीचे खोरे आपलेसे केले, त्यात नवल नाही. धरणाचे पाणी, डोंगरात बांबू आणि भेरली माड, उन्हाळ्यात फणस आणि लगेच खाली केळी-पोफळीच्या बागा. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागणारा प्राणी अशी जागा सोडून कशाला जाईल?

ज्याचे माड एका रात्रीत आडवे झाले, त्याने ‘हत्ती हटवा’ म्हणू नये असे शहरात बसून सांगणे सोपे आहे. पण हटवल्यावर काय होते, हे श्रीलंकेत तपासून पाहिले गेले. तिथे बारा त्रासदायक नर हत्तींच्या गळ्यात माग काढणारे पट्टे बांधून त्यांना दूरच्या राष्ट्रीय उद्यानांत सोडले. काही आपल्या मुलखाकडे परत निघाले, काही भटकत नव्याच गावांत शिरले. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की हलवल्याने त्रास मिटत नाही, पसरतो.

मग गावाने करायचे काय? तामिळनाडूत वालपारईच्या चहामळ्यांत नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने आधी माणसे कशी मरतात ते पाहिले. बहुतेकांना हत्ती जवळ आहे हेच ठाऊक नव्हते. म्हणून आधी स्थानिक टीव्हीवर खाली धावणारी पट्टी आणि 2011पासून मोबाइलवर संदेश व मोक्याच्या जागी लाल दिवे. दिवा लागला, की त्या वाटेने जायचे नाही. मृत्यू कमी झाले. पण हत्ती चहाची पाने खात नाही. आपल्याकडे तो नेमके उभे पीक खातो. इशाऱ्याने दोडामार्गचा माणूस वाचेल, त्याची केळ वाचणार नाही.

केळीसाठी कुंपण हवे, आणि ते कुठे घालायचे यावर बरेच अवलंबून आहे. जंगलाच्या हद्दीवर मैलोन्‌मैल घातलेल्या सौरकुंपणाला राखण नसते. सुळ्यातून वीज वाहत नाही हे हत्ती लवकर शिकतात आणि तारा तोडतात. श्रीलंकेत गावाभोवती आणि भातशेतीभोवती शेतकऱ्यांनीच सांभाळायची कुंपणे अधिक टिकली. शेतातली तर कापणीनंतर काढूनही ठेवतात.

कोकणात बागायत बारमाही, म्हणजे कुंपणही बारमाही. शिवाय आपला पाऊस. जूनपासून गवत-वेली तारेला भिडतात, वीज जमिनीत जाते आणि कुंपण नुसते शोभेचे उरते. आठवड्याला कोयता घेऊन तारेखालची वाट मोकळी कोण करणार? ठेकेदार तार ओढून जातो, त्याच्या अंदाजपत्रकात हा कोयता नसतो. ज्यांच्या बागा आत आहेत त्याच वाडीतल्या चार-पाच जणांना या कामाची वर्षभर रोजंदारी मिळायला हवी, हत्ती हुसकावणाऱ्या हाकाऱ्यांना मिळावी तशीच. नुकसानभरपाईचेही तसेच. माड धरायला पाच-सहा वर्षे लागतात. पंचनाम्यात एक झाड लिहिले, तरी शेतकऱ्याचे तेवढ्या वर्षांचे उत्पन्न गेलेले असते. हिशेब तिथून मांडला, तर हत्ती दिसल्यावर वनरक्षकाला फोन करायला गाव आपणहून तयार होईल.