कोपरगावची रात्र आणि खाडिलकरांची दोन नाटकं

रात्री कोपरगाव स्टेशनात उतरणाऱ्या बहुतेकांना कोपरगावाशी काही देणंघेणं नसतं. उतरायचं, बाहेर उभ्या रिक्षा-जीपवाल्याशी भाड्याची घासाघीस करायची आणि पंधरा-सोळा किलोमीटरवरची शिर्डी गाठायची. टांग्याच्या जमान्यापासून हेच चालत आलंय. गावाचं नाव तिकिटावर असतं, मनात नसतं.

पुण्या-मुंबईत हल्ली ‘आर्ट डिस्ट्रिक्ट’ म्हणून मिरवणाऱ्या गल्ल्या असतात. रंगवलेल्या भिंती, पिवळे दिवे, तीनशे रुपयांची कॉफी. कोपरगावात असलं काही शोधू नका. नऊ-साडेनऊला बाजारपेठेतली शटरं खाली येतात आणि त्यानंतर जाग उरते ती स्टेशनावर, हायवेच्या ढाब्यांवर आणि गळीत चालू असेल तर कारखान्यांवर. तरीही मराठी रंगभूमीची आवड असलेल्या माणसाने इथे एक रात्र मुक्काम करावा, असं माझं मत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या दोन गाजलेल्या नाटकांतली मंडळी या एकाच गावच्या नदीकाठाशी जोडलेली आहेत. १९०९ च्या ‘भाऊबंदकी’तले राघोबादादा आणि आनंदीबाई इथे खरोखर राहिले. १९१३ च्या ‘विद्याहरण’मधले शुक्राचार्य, कच आणि देवयानी इथलेच, असं गाव मानतं.

आधी शुक्राचार्यांकडे जाऊ. गोदावरीकाठचा ‘बेट’ भाग एके काळी नदीच्या पात्रातलं खरंच बेट होता. आज वस्ती त्याला लागली आहे. इथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि जवळच कचेश्वराचं. दैत्यांच्या गुरूचं देऊळ ही आपल्याकडे दुर्मीळच गोष्ट. शुक्राचा अस्त असला की एरवी पंचांगवाले लग्नाचे मुहूर्त काढत नाहीत. इथे खुद्द शुक्राचार्यच बसलेले असल्याने मुहूर्ताची गरज नाही, अशी श्रद्धा आहे. घाईत असलेल्या वधुपित्यांची केवढी सोय!

महाभारताच्या आदिपर्वातली कथा तशी सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातला मद्याचा भाग बरेच जण विसरतात. बृहस्पतीचा मुलगा कच संजीवनी विद्या शिकायला शत्रुपक्षाच्या गुरूकडे येतो. दैत्य त्याला दोनदा ठार करतात आणि देवयानीच्या हट्टामुळे तो दोन्ही वेळा जिवंत होतो. तिसऱ्या खेपेला दैत्य त्याला जाळतात, राख मद्यात कालवतात आणि तो प्याला गुरूच्याच हाती देतात. गुरू पितात. आता शिष्य पोटात! त्याला बाहेर काढायचं तर स्वतः मरावं लागणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचाला विद्या शिकवतात, कच पोट फाडून बाहेर येतो आणि त्याच विद्येने गुरूला उठवतो. शुद्धीवर आलेले शुक्राचार्य मग मद्यालाच शाप देतात. खाडिलकरांनी यावर अख्खं संगीत नाटक उभं केलं आणि त्यात शिष्यवर नावाचा तर्र शिष्य घालून लोकांना हसवता हसवता मद्यपानाची खरडपट्टी काढली. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ यायला अजून काही वर्षं होती. ‘नाइट लाइफ’ म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त बाटली येते, त्यांनी हे देऊळ आधी पाहावं. तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं नावच ‘संजीवनी’ होतं. उसाच्या मळीपासून काय तयार होतं हे ठाऊक असलेल्याला त्यातली गंमत सांगावी लागणार नाही.

दुसरं नाटक गावातल्या जुन्या वाड्याचं. ज्या राघोबादादांच्या घोड्यांनी १७५८ मध्ये अटकेपर्यंत मजल मारली, त्यांच्या आयुष्याचा शेवटचा अंक कोपरगावात झाला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचे पुतणे नारायणराव यांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी दादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावलं, मग इंग्रजांचा आश्रय, लढाया, पळापळ. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहात दादांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली आणि राजकारणातून त्यांचं नाव कटलं. राहायला त्यांनी गोदाकाठ निवडला. १७८३ च्या डिसेंबरात ते वारले. काही महिन्यांनी, १७८४ मध्ये, आनंदीबाईंच्या पोटी चिमाजी आप्पा जन्मला.

दादांचा कोपरगावातला वाडा पुढे सरकारी कचेऱ्यांच्या कामी आला. कोरीव लाकूडकामाखाली कित्येक वर्षं फायली रचल्या गेल्या. लोक हळहळतात, पण मला वाटतं वाडा टिकला तो कचेरीमुळेच. ज्या वाड्यांत कचेरी आली नाही, त्यांचे दगड-लाकूड कुठे गेले हे आपण गावोगाव पाहतोच. गावापासून जवळच हिंगणीलाही दादांनी बांधकाम काढलं होतं. तिथे आता पडझड पाहायची तयारी ठेवून जावं.

दादा गेले तेव्हा त्यांचा थोरला सख्खा मुलगा पुरता नऊ वर्षांचाही नव्हता. तोच पुढे १७९६ मध्ये पेशवा झालेला दुसरा बाजीराव. त्याच्या राज्यकारभाराबद्दल बरं बोलणारा इतिहासकार सापडणं कठीण. पण लावणी आणि शाहिरी यांना पुण्यात जो बहर आला, तो याच्याच अमदानीत. होनाजी बाळा, सगनभाऊ, रामजोशी ही नावं त्याच काळातली. अनंत फंदी तर संगमनेरचे, म्हणजे कोपरगावहून तासा-दीड तासाच्या वाटेवरचे. बाप पदच्युत, आई नजरकैदेत आणि घराला खुनाचा डाग, अशा घरात हा पोरगा वाढला. मोठेपणी त्याला रंगढंगांचा एवढा सोस का लागला, याचं उत्तर मी देणार नाही. पण मराठी रात्रीचा सगळ्यात मोठा आश्रयदाता काही काळ या गोदाकाठी वाढला, हे कोपरगावने एखाद्या फलकावर लिहायला हरकत नाही.

दिवसा हाताशी वेळ असेल तर कोकमठाण चुकवू नये. गावापासून चार-पाच किलोमीटरवर, गोदावरीच्याच काठी यादवकाळातलं शिवमंदिर आहे. बाहेरून ते थोडं थकलेलं दिसतं. आत मंडपात जाऊन मान वर करावी. छत एकात एक घेऱ्यांनी वर चढत गेलंय आणि मधोमध दगडी लोलक लोंबतोय. अबूची देवळं पाहिलेल्याला त्यांची आठवण होईल, फक्त तिथे संगमरवर आहे आणि इथे आपला दगड. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबावं लागतं. बहुतेक जण तेवढंही थांबत नाहीत, फोनचा टॉर्च मारतात आणि सपाट उजेडात नक्षी हरवून बसतात. याच कोकमठाणच्या शिवारात आता समृद्धी महामार्गाचं शिर्डीचं तोंड आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तेव्हापासून देवळाजवळून गाड्या सुसाट जातात, वळणाऱ्या मात्र थोड्या. कुंभारीचं राघवेश्वराचं देऊळही असंच, वाट वाकडी करावी लागणारं.

साईसच्चरितातही कोपरगाव येतं ते वाटेवरचं गाव म्हणूनच. नानासाहेब चांदोरकर गोदावरीकाठचं दत्तमंदिर टाळून आडवाटेने शिर्डीला निघाले आणि पायात काटा मोडला, ती गोष्ट इथलीच. मंदिराच्या घाटासाठी तीनशे रुपये द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि पैसे जमले नव्हते. उधारी चुकवायला वाट बदलणारा डेप्युटी कलेक्टर मला फार जवळचा वाटतो. पण त्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे गोपाळराव गुंड. हे कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर. शिर्डी तेव्हा कोपरगाव तालुक्यातच होती. उशिरा मुलगा झाला म्हणून १८९७ मध्ये त्यांनी शिर्डीत उरूस भरवायची कल्पना काढली. कुलकर्ण्याने विरोधी अहवाल दिला, तरी कलेक्टरची परवानगी मिळवली आणि दिवस रामनवमीचा धरला. पुढे कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करांनी संदलची मिरवणूक सुरू केली. निशाणं, संदल, कुस्त्या आणि १९१२ पासून रामजन्माचं कीर्तन. आज लाखोंची गर्दी खेचणाऱ्या रामनवमीच्या उत्सवाचा पाया एका महसुली कारकुनी डोक्यातून घातला गेला.

जत्रा म्हटली की तमाशा आलाच. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पट्ट्यात रात्रीची करमणूक म्हणजे पिढ्यानपिढ्या तमाशाच. ढोलकीच्या फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचं नाव घेतात, ती पठ्ठे बापूरावांची पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. आजही पाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच नारायणगावला जातात, फडांच्या राहुट्यांत बसून भाव करतात आणि सुपारी देऊन येतात. मग चैत्र-वैशाखात कधी या गावाला, कधी त्या गावाला कनात लागते. कारखान्याची बैलगाडी सोडून आलेला ऊसतोड्या, ढाब्यावरचा पोऱ्या आणि पंचायत समितीचा सदस्य एकाच धुळीत बसतात.

खेळाची रीत ठरलेली. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि रंगबाजीच्या लावण्या. वग सगळ्यात शेवटी. पूर्वी वग उभा राहायचा तोच मध्यरात्रीनंतर आणि संपायचा तांबडं फुटताना. राजा-प्रधान, सत्यवान-सावित्री, गावचा खुनी पाटील, सगळ्यांची नाटकं त्या तीन-चार तासांत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून लागू आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण प्रत्येक गावची जत्रा त्या दिवसांत बसत नाही. झोपणाऱ्यांच्या दृष्टीने नियम योग्यच. परीक्षेच्या दिवसांत मीही त्याच बाजूचा. पण त्याची किंमत वगाने मोजली. साडेआठला पडदा उघडायचा, दहाला पोलिसांची गाडी येऊन उभी राहणार, मधल्या दीड तासात पब्लिकला हवी असतात सिनेमाची गाणी. फडमालक वगाला कात्री लावतो, आणि वगात काम करणारा सोंगाड्या हळूहळू गाण्यांमधल्या जागा भरणारा निवेदक होतो. या भागात यायचं असेल तर गावच्या पंचांना आधी फोन करून एवढंच विचारावं, की यंदाच्या सुपारीत वग धरलाय का.